कोरी पट्टी

धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर एक माणूस रोज सकाळी माझ्या शेजारी बसायचा. मोबाईलवर समुद्राचा नकाशा उघडायचा आणि मी पाहिलं की हाताने झाकायचा. नागपुरात बसून समुद्राशी काय काम, असा मला संशय आला. सट्टा असेल, असंही वाटलं.

एके दिवशी त्यानेच विचारलं, "भाऊ, तुम्ही पेपरवाले ना? ही पट्टी काहून कोरी हाय?"

नकाशावर वाऱ्याचे बाण होते, मधली एक पट्टी मात्र पांढरी होती. त्याची मुलगी मालवाहू जहाजावर नोकरीला होती आणि जहाज त्या दिवशी त्याच पट्टीत होतं. मी सांगितलं, उपग्रह रेडिओ लहरी सोडतो आणि पाण्यावरच्या सुरकुत्यांवरून वारा मोजतो. दोन फेऱ्यांच्या मधला भाग त्याला दिसत नाही.

"म्हंजे वारा पाहतच नाही तो? अंदाजानं सांगून राहिला?" त्याने डोळे बारीक केले. "गडबड असते तिथंच कोरं ठेवतेत. तुमच्या पेपरात बी असंच असते, म्हणून तर झाकून राहिलो होतो."

त्याचा चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी त्याने मोबाईल न झाकता माझ्यासमोर धरला. जहाजापाशी आता हलक्या वाऱ्याचे बाण होते. पांढरी पट्टी बाजूला सरकली होती. तो हसला. मग त्या पट्टीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "आता इथं कोणाची पोरगी असन जी?"