मोठ्यानं बोलल्याचा गुन्हा

"आवाज खाली. हा तुमचा कारखाना नाहीये."

शिस्तपालन समितीच्या अध्यक्षांनी हे माझ्या आईला सुनावलं. ती एवढंच म्हणाली होती, "सायेब, माजी पोर वंगाळ न्हाय." हात जोडून म्हणाली होती. पण मोठ्यानं. तिच्याकडे दुसरा आवाजच नाही. अध्यक्षांशेजारच्या मॅडमनी कानाला बोट लावलं आणि हसू दाबलं. मला ते दिसलं. आईलाही दिसलं.

आई धामणकर नाक्यामागच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कांड्यांवर सूत भरते. तिथे सगळे लूम एकदम धडधडत असतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. ओरडून भागलं नाही तर हातानं. पाणी हवं, धागा तुटला, मुकादम आला, सगळ्याला खूण आहे. मी त्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत वाढले. आमच्याकडे मायासुद्धा ओरडूनच करतात. बोलताना माझा हात आपोआप वर जातो.

तोच हात मला नडला. विद्यापीठात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरी त्या धडधडीत वाचता येत नाही, म्हणून मला वाचनालय हवं होतं. पण लेक्चर सुटायचं तेव्हाच वाचनालयाला कुलूप लागायचं. एकदा भर वर्गात विभागप्रमुख सरांना विचारलं, "सर, लेक्चर सुटल्यावर वाचनालय उघडं का नाही ठेवत?" मोठ्यानं विचारलं असेल. हात हलला असेल. सर दचकून मागे सरले. पोरं हसली. मला वाटतं, ते हसणंच सरांना झोंबलं.

तक्रार आली : प्राध्यापकांवर हात उगारला, धमकावलं.

आमच्याच वर्गात एक मुलगा होता. बापाच्या जमिनीवर गोदामं उभी आहेत. तो सरांच्या टेबलावर बसून सरांशी गप्पा मारायचा. त्याला सगळे मोकळ्या स्वभावाचा म्हणायचे. मी मात्र उद्धट.

समितीनं माफीनामा टाइप करूनच ठेवला होता. 'मी प्राध्यापकांना धमकावले.' खाली माझी सही, तिच्याखाली पालकांची. सही केली तर परीक्षेला बसायचं, पण तो शेरा वर्तणुकीच्या दाखल्यावर कायमचा. मला शिक्षिका व्हायचं होतं. धमकावणाऱ्या बाईला कोण शाळेत घेणार? सही केली नाही तर परीक्षाच नाही. इकडे आड, तिकडे विहीर. सुनावणीच्या आधी मी घरी हळू बोलायचा सराव केला. आई वैतागली. "तोंडात काय हाय तुज्या? नीट बोल की!"

आणि आता तीच आई समितीपुढे उभी होती आणि तिला गप्प केलं होतं. तिनं पदर तोंडावर घेतला. मग माझ्याकडे बघून तळहात आडवा धरला आणि खाली दाबला. लूम बंद कर, अशी ती खूण. सोड आता, सही कर, असं तिला म्हणायचं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "हे हातवारे कसले? बघा, हे घरातूनच येतं."

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

तोवर मला खरंच वाटत होतं की चूक माझीच असेल. तिथे मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. मी कुजबुजले असते तरी यांनी काहीतरी काढलंच असतं. आम्ही यांच्यासमोर उभं राहून प्रश्न विचारतो, हेच यांना खुपत होतं. संताप आला. आधी आईचाच आला, तोंड झाकलंस का म्हणून. मग त्यांचा.

मी कागद परत सरकवला. "सही करणार नाही."

"पुन्हा तोच आवाज?"

"हो सर. आणि परीक्षा अडवायची असेल तर कारण लिहून द्या. मोठ्यानं बोलली, असंच लिहा."

कुणीही लिहिलं नाही.

शेअर रिक्षानं परत आलो. नाक्यावर उतरल्यावर आई म्हणाली, "सही केली अस्तीस तर सुटली अस्तीस गं." सुटले नसते, आई. जन्मभर अडकले असते.

परीक्षा झाली. मला बसू दिलं नाही. टेबलावर बसणारा तो मुलगा पास होऊन गेला. मी वडपे गावातल्या गोदामात पॅकिंगला जाते. हे वर्ष गेलं ते गेलंच. रात्री उशी ओली होते, खोटं कशाला सांगू? कुलगुरूंकडे अपील केलंय. सुनावणी कधी, कुणी सांगत नाही. माफी मागितलीस तर लगेच मिटेल, एवढाच निरोप येतो.

मी माफी मागणार नाही. सुनावणी लागेल तेव्हा आईलाही चल म्हटलंय. पदर तोंडावर घ्यायचा नाही, रोज बोलतेस तसंच बोलायचं. ती अजून हो म्हणालेली नाही. नाही आली तर एकटी जाईन, आणि दार लावून घेतलं तरी बाहेरच्या पोरांना शब्दन् शब्द ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोलेन.