पोशीरहून आलेलं ‘बघू’

प्रत्येक शब्दामागे एक माणूस उभा असतो, असं मी खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत पस्तीस वर्षं सांगत आलो. मुलं ते वहीत उतरवून घेत.

गेल्या मार्गशीर्षात मुलीचा साखरपुडा ठरला. आम्ही नेरळला राहतो, थोरला भाऊ पोशीरला, गावच्या घरात. आमच्यात घरातला मोठा माणूस बैठकीला नसला तर साखरपुडा पुढे सरकत नाही, आणि त्याला आमंत्रण द्यायचं ते घरी जाऊन, पुढ्यात सुपारी ठेवून. पण दोन वर्षांपूर्वी मी माझ्या वाट्याचं शेत विकलं, तेव्हापासून दादासमोर जाणं जिवावर येई. म्हणून मेसेज केला. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

उत्तर आलं, ‘बघू.’

“रागावलेत,” बायको म्हणाली.

“बाबा, पुढे टिंब दिलंय,” मुलगी म्हणाली. “म्हणजे विषय संपला.”

“पूर्णविराम आहे तो.”

“काकांना पूर्णविराम?”

त्या शब्दात मला कधी टोमणा दिसे, कधी थकवा, कधी चक्क नकार. मी स्वतःच थकलो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “किती चघळताय? स्कूटर काढा आणि जाऊन या.”

दादा खळ्यावर भात झोडत होता. “काय रं, वाट चुकलास?”

“मेसेज केला होता.”

“मला त्यातलं दिसतंय कुठं? फोन सूनबाई बघते.”

सून दारात आली. “काका, आबा झोडणीला होते, चुलीवर दूध होतं. मी लिवलं बघू. मंग सांगायचं राहूनच गेलं.”

मी खिशातून सुपारी काढून दादाच्या पुढ्यात ठेवली, तारीख सांगितली. त्यानं हात लावला नाही.

“पोरीचं बी फोनवर सांगायला निघालास? शेत इकलंस ते मला चहाच्या टपरीवर कळलं.”



“चुकलं, दादा.”

त्यानं हात धोतराला पुसले, सुपारी उचलली आणि पुन्हा पेंढी हातात घेतली. “किती वाजता हाय?”

“अकराला.”

साखरपुड्याच्या दिवशी दादा सकाळी सातला हजर झाला. तोवर आचारीही आला नव्हता.