मदारभाईंचा अडलेला शब्द

आलापल्लीच्या जंगलात मदारभाई आणि मी एका करवतीला होतो. वर ओंडक्यावर ते उभे, खाली खड्ड्यात मी. भुसा सगळा माझ्याच डोळ्यांत. आम्हा सहा मुसलमान मजुरांत कुराणातल्या सुरा नीट पाठ असलेले ते एकटेच, म्हणून कुडाच्या मशिदीत नमाजही तेच पढवत.

हिवतापाने त्यांचे दोन मुलगे गेले. दोन्ही वेळा कबरीची माती हाताला असतानाच त्यांनी 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटलं. मला तर रागच आला होता. कसले आभार मानतो हा माणूस!

चोपन्न साली त्यांची सहा वर्षांची मुलगी चांदबीही गेली. त्या संध्याकाळी ते नमाजेला उभे राहिले. कुराणाची पहिली सुरा म्हटल्याशिवाय नमाज होत नाही, आणि तिचा पहिला शब्दच तो: अल्हम्दु, सारी स्तुती अल्लाची. मदारभाईंनी तोंड उघडलं, पण आवाज निघेना. आम्ही पाच जण मागे ताटकळलो. शेवटी त्यांनी मला पुढे ढकललं आणि बाहेर जाऊन बसले.

पुढे चार वर्षं बांग तेच देत. आम्हाला बोलवत आणि स्वतः बाहेर बसत. चांद्याहून आलेल्या मौलवीसाहेबांनी समजावलं, "मियाँ, सध्या नुसतं जिभेनं म्हणा. मन मागाहून येईल."

"खोटं बोलू? त्याच्याम्होरं?" मदारभाई चिडले. "तो आयकत नसता तं कवाच म्हनलं असतं."

आम्ही मात्र पाच वेळा घडाघडा म्हणून मोकळे होत होतो. लाज वाटायची मला.

त्यांची बायको जैतूनबी खचत चालली होती. "तीन लेकरं गेले, भाऊ. आता नमाज सोडली म्हनून यायले जन्नतच्या दारातूनच वापस करतीन का?" ती मला विचारायची.

अठ्ठावन्न साली मदारभाईंनाच ताप चढला. तिसऱ्या दुपारी त्यांचे ओठ हलले. मी कान लावला, उठून मडक्याकडे वळलो, तेवढ्यात त्यांचा श्वास थांबला.

बाजेच्या पायथ्याशी बसलेल्या जैतूनबीने माझा हात धरला. "म्हनलं का, भाऊ, त्यायनं? अल्हम्दु म्हनलं?"

"हो," मी म्हणालो. "साफ म्हनलं."

तिने तिथेच दोन्ही हात उचलले आणि रडत रडत अल्लाचे आभार मानले. मदारभाईंनी पाणी मागितलं होतं.