होडीत पाणी ओतणारे महिपतराव

महिपतरावांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात जन्मभर फायबरच्या पाण्याच्या टाक्या केल्या. रिटायर झाले आणि दिसेल ते सांधायचं वेड लागलं. बादली झाली, खुर्चीचा पाय झाला, शेजारच्यांची तुळशीची कुंडी झाली. डोंबिवलीतल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये काही तडकलं, की लोक ते आधी त्यांच्यापासून लपवत.

त्यात रंगूबाईंना नवऱ्याचं कौतुक फार. दारावर मासे देता देता खाडीकाठच्या मोठागावच्या कुंडलिकनं गाऱ्हाणं घातलं, की होडीची मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, ती आतून कुजलीय. नारळी पौर्णिमेला होडी उतरली नाही, तर यंदा दुसऱ्याच्या होडीवर हाताखाली राबायचं. रंगूबाई बोंबील निवडत म्हणाल्या, "मग आमच्या ह्यांना सांग की!"

महिपतराव साताऱ्याकडचे. होडीत कधी पाय ठेवलेला नाही, पोहण्याचं तर नावच नको. पण गेले. कुंडलिकच्या दारात ताडपत्रीखाली होडी होती. कुजलेलं लाकूड खरवडून काढलं, प्लायची नवी फळी कापली. पावसाळी हवेत फळी सुकेना, आणि ओल्या लाकडाला फायबरचं चिकट रेझिन धरत नाही. म्हणून फळी घरी आली आणि हॉलमधल्या पंख्याखाली आडवी झाली.

"फळीला पंखा, आणि मला घाम!" रंगूबाई म्हणाल्या. पण पंखा बंद केला नाही हो.

फळी बसली. तिच्यावर फायबरच्या मॅटचे थर चढले, रेझिन कडक झालं, इंजिन टांगायचे बोल्ट आवळले. कुंडलिक नारळ आणायला निघाला, आणि मागं वळून बघतो तर महिपतराव नळी लावून होडीत पाणी भरताहेत!

"ओ काका! आमचा अख्खा जलम होरीतला पानी बाहेर फेकन्यान गेला, न तुमी आत वतताव?"

"अरे, आमच्याकडं टाकी भरून गळती बघितल्याशिवाय गेटाबाहेर जात नसे. गप बघ."

होडीचं तोंड उचलून ठेवलेलं, त्यामुळं पाणी मागं साठलं. सगळी आळी हसायला जमली. बराच वेळ काही नाही. मग एका बोल्टखाली, बाहेरच्या अंगाला, एक थेंब आला. हसणं थांबलं.

महिपतरावांचा चेहरा उतरला. बोल्टसाठी पाडलेल्या भोकाच्या आतलं लाकूड त्यांनी रेझिन न लावता उघडंच ठेवलं होतं. टाकीला बोल्ट असतो कुठं?

"आता परत सुकवायला पायजे," ते म्हणाले. "आणि फळी तर निघत नाही."

निरोप मिळाला तशा संध्याकाळी रिक्षातून रंगूबाई उतरल्या. कडेवर घरातला टेबलफॅन. "तुमची लाडकी इकडं, म्हटलं पंखाही इकडंच राहू दे."

लाकूड खडखडीत सुकलं. सगळी भोकं मोठी करून महिपतरावांनी ती रेझिननं बुजवली, आणि मधोमध नवी पाडली. आता बोल्टच्या चहूबाजूंनी रेझिन. परत पाणी भरलं. या खेपेला फळी कोरडीठाक.

पौर्णिमेला होडी खाडीत उतरली. कुंडलिकनं हात धरून महिपतरावांना आत घेतलं. इंजिन धडधडलं.

"काका, पुढं या, खाडी बगा!"

"खाडी कुठं पळून जात नाही," महिपतराव म्हणाले. ते मागंच, उकिडवे, फळीला हाताचा तळवा लावून बसले होते. मधूनमधून तळवा उचलून बघत आणि काठावरच्या रंगूबाईंना दाखवत. कोरडा.