मावशीचा श्वास

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि आमच्या हिच्यापासून काही लपवायचं म्हणजे मांजराच्या नाकाखाली दूध झाकून ठेवण्यातला प्रकार. तरी हे तेवढं लपलं. तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही. तुम्ही दत्तूला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर माझी जीभ उचललीच नसती.

पण आधी दत्तू सांगतो. नुसती चूक सांगून मोकळा झालो, तर त्या माणसानं मला काय दिलं ते राहून जायचं. ते राहायला नको.

मी बार्शीकडचा. आयटीआय करून सत्तरच्या सुमाराला पिंपरीला आलो नि एका कंपनीत टूलरूमला, साचे-हत्यारं घडवायच्या खात्यात, चिकटलो. दत्तू आकुर्डीचा, तिथल्या मातीतला. तो प्रेसशॉपला होता, पत्रे दाबून भाग काढायच्या मोठ्या मशीनवर. कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा आणि खिडकीकडे तोंड करून काहीतरी गुणगुणायचा. मराठी नाही, हिंदी नाही. एके दिवशी मी विचारलंच, हे काय चाललंय, भाऊ? तर म्हणाला, "गाणं हाय. विंग्रजी. तुला न्हाई झेपायचं."

मला राग आला. मग उत्सुकता वाटली. मग गुरुवारी मी त्याच्या खोलीवर हजर.

आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. जग कामावर, पोरं शाळेत, आणि आम्ही दोघं चटईवर मांडी घालून. मधे जुन्या बाजारातून आणलेला रेकॉर्ड प्लेअर — झाकण मोडलेला, पण फिरायला पक्का. दत्तू कंपनीत लागायच्या आधी देहूरोडला लष्कराच्या मेसमध्ये भांडी घासायचा. साहेबलोक बाहेर नाचायचे, हा आत पातेली घासत ऐकायचा. तिथून निघाला तेव्हा बदली झालेल्या एका साहेबानं त्याला एक रेकॉर्ड देऊन टाकली. तिथून सगळं सुरू झालं. पुढे जुन्या बाजारातून आणखी आल्या, पण ती पहिली ती पहिलीच.

गाणाऱ्यांची नावं वाचताना आमच्या जिभेला गाठी पडायच्या. म्हणून आम्ही त्यांची बारशी केली. एक होता घोगऱ्या — सलग दोन पाळ्या करून आल्यासारखा त्याचा आवाज. चार पोरं एकदम गायची, ती चांडाळचौकडी. एक वरच्या पट्टीत असा काही ओरडायचा की कंपनीची पाळी सुटल्यासारखं वाटायचं, तो भोंगा. मी घोगऱ्याच्या पार्टीतला, दत्तू भोंग्याच्या. आम्ही पैलवानांवरून भांडावं तसे भांडायचो. "तुझ्या घोगऱ्याला आधी खडीसाखर दे!" असं तो म्हणायचा. त्याची बायको, कांता वहिनी, चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, कळतंय का दोघांना एक अक्षर तरी? नव्हतं कळत. काय अडलं होतं?

आणि मावशी. त्या पहिल्या रेकॉर्डवरची बाई. दत्तूची सख्खी मावशी चिखलीला शेळ्या राखायची. सांजच्याला शेळ्यांना हाक मारताना तिचा आवाज शेवटी वर जाऊन फाटायचा. ही बाई तशीच गायची. एका गाण्यात शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात. क्षणभर काही नाही. मग ती श्वास घेते — एवढासा, ओठ उघडल्याचासुद्धा आवाज येतो — आणि वर जाते. अगदी टोकाला आवाज चिरतो. दत्तू त्या श्वासाच्या आधी बोट वर करायचा. माझ्याकडे बघायचा. श्वास यायचा, बोट खाली.

पहिल्यांदा मला तो ऐकूच आला नव्हता, खोटं कशाला बोलू? दुसऱ्यांदाही नाही. दत्तूनं किती वेळा सुई मागे नेली असेल! चिडला नाही. "गाण्याकडं ध्यान नको दिऊस, बाईकडं दे. ती आता भ्यालीय बघ." आणि मग तो आला. माझ्या अंगावर काटा आला, अहो. इतके दिवस मी गाणी ऐकत होतो, पण गाणारं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

हे त्यानं मला दिलं. ते फक्त मावशीपुरतं राहिलं नाही. माझी आई एकदा बार्शीहून आली होती, तिला मी हौसेनं घेऊन गेलो. तिनं पदर सावरून ऐकलं आणि विचारलं, "हिचं कोण गेलं रं?" मी आणि दत्तू एकमेकांकडे बघतच राहिलो. पुढे आई गेली. पण तिचा तो प्रश्न, त्यातला मऊ झालेला आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो, कारण तोवर मला ऐकायला शिकवलेलं होतं. सांगा, एवढं कोण देतं कुणाला? ना नात्याचा ना गोत्याचा.

मी तयार झालो. इतका, की कधी कधी दत्तूच्या आधी मीच बोट वर करायचो. "कानामागून आला नि तिखट झाला," असं म्हणून तो पाठीत धपाटा घालायचा. मास्तर तोच होता. पण मला — आता बोलायला हवं — मला ते मास्तरपण थोडं टोचायला लागलं होतं. नवीन रेकॉर्ड आणली की आधी त्याला कळायचं. बारीक गोष्ट आधी त्याला सापडायची. मी म्हणजे कायम मागचा बाक.

प्रेसशॉप तुम्ही पाहिलंय का? आत पाऊल टाकलं की छातीत धक्के बसतात. कंपनीनं कानात घालायला रबरी बुचं दिली होती. दत्तू घालत नसे, कुणीच घालत नसे. मशीनचा आवाज बदलला की हात मागे घ्यायचा, हे त्यांचं शिक्षण. कान बंद केले तर बोटं जायची. संध्याकाळी कान वाजतात म्हणायचा. हसून म्हणायचा, आणि आम्हीही हसायचो.

असाच एक गुरुवार. मावशी लावलेली. वाद्यं थांबली. दत्तूनं बोट वर केलं. श्वास आला — मला स्वच्छ आला — आणि दत्तूचं बोट वरच. ती वर गेली, चिरली, गाणं संपलं. बोट तसंच.

त्यानं सुई मागे नेली. पुन्हा तेच. मग माझ्याकडे वळून विचारलं, "श्वास कुठं गेला रं?"

तुम्ही म्हणाल, त्याला वाईट वाटू नये म्हणून मी बोललो असेन. मीही स्वतःला कित्येक वर्षं तेच सांगत आलो. पण तसं नव्हतं. मला बरं वाटलं. मला ऐकू आलं आणि त्याला नाही. मास्तरला नाही आलं, मला आलं! एखाद्या हलकट पोराला वाटावं तसं बरं वाटलं. आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पटकन म्हणालो, "सुई गेली असेल."

एवढंच. तीन शब्द.

तो पुण्याला जाऊन नवी सुई घेऊन आला. बसवली. लावली. या खेपेला तो प्लेअरकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. "आला?" आता तरी बोलायचं की नाही? सांगायचं, दत्तू, आला, आत्ताच आला, तुझ्या कानांचं बघ. पण मग परवा सुई गेली असं का म्हणालास, हे निघालं असतं. मी म्हणालो, "रेकॉर्डच झिजलीय, राव. किती वाजवली आपण."

त्याचा चेहरा पडला. आणि लगेच सावरला. झिजली तर जपायला हवी — हिशेब सरळ. वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात त्यानं मावशी गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. इथून पुढं फक्त दसऱ्याला काढायची. वर्षातनं एकदा. खंडेनवमीला आम्ही कंपनीत मशीनची पूजा करायचो, तसा तो घरी तिच्यावर हळदकुंकू वाहायचा.

तेव्हा त्याला वरच्या पट्टीतलं बरंचसं ऐकू येत होतं. फक्त श्वास गेला होता. ती वर जाते ते यायचं, ती चिरते ते यायचं. दर गुरुवारी ऐकली असती. किती गुरुवार! माझ्या एका वाक्यानं ती ट्रंकेत जाऊन बसली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित हे सांगायला बसलो नसतो. पुढे कंपनीत डॉक्टर आले, कान तपासायचं यंत्र घेऊन. ज्याला हवं त्यानं नाव द्यायचं. कान उतरले असतील तर प्रेसशॉपमधून काढून स्टोअर्सला टाकणार. तिथं शांतता, पण ओव्हरटाइम नाही. दत्तू बसमध्ये मला म्हणाला, "जाऊ का रं? कांता कवाधरनं मागं लागलीय. पण तू सांग. तू बसतोस माझ्यापाशी, तुला ठावं." माझ्यावर सोडलं त्यानं. त्याचे कान त्यानं माझ्या हातात दिले.

मी काय म्हणालो माहितेय? "तुझ्या कानांना काय धाड भरलीय?"

कारण डॉक्टरनं सांगितलं असतं की कान उतरलेत, आणि मग रेकॉर्डचं काय, हा प्रश्न आला असता. त्या एका प्रश्नाला मी घाबरलो. तो हसला, खांद्यावर हात टाकला, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर गेला. त्याच्या पुढच्या दिवशीही. मग वर्षं गेली.

नंतरच्या एका दसऱ्याला मी, आमची ही, सगळे त्याच्याकडे जेवायला होतो. पुरणपोळी झाली, मावशी निघाली. दत्तू भिंतीला टेकून बसला. गाणं सुरू झालं, वाद्यं थांबली, श्वास, वर, चीर — संपलं. सुई मधल्या कोऱ्या जागेत खरखरत होती, आणि दत्तू अजून वाट बघत बसलेला. बोट अर्धं वर. मला वाटतं त्या दिवशी त्याला खालचा ठेका सोडला तर काहीच पोचलं नव्हतं.

वहिनी त्याच्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "झिजलीय म्हणता ना, भावजी? मला तर कायबी फरक वाटंना." हे त्या चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या. दत्तूनं वळूनही पाहिलं नाही. त्याला ऐकूच गेलं नाही, हे मी पाहिलं. आणि वहिनींना म्हणालो, "बारीक फरक असतो वहिनी, तो ज्याला कळतो त्यालाच कळतो." त्या ओशाळल्या. त्यांचं काय चुकलं होतं? त्या घरात त्या क्षणी खरं बोलणारं तेवढंच एक माणूस होतं, आणि मी त्यांना अडाणी ठरवून गप्प केलं.

आपल्याला हाक ऐकू येत नाही हे शेवटी दत्तूला धाकट्या लेकीमुळे कळलं. रस्ता ओलांडताना ती मागून ओरडली, "आबा, ट्रक!" आणि हा चालतच राहिला. वाचला. पण घाबरला. मग तपासणी, स्टोअर्स, कानामागं यंत्र. ते यंत्र शिट्टी मारतं, म्हणून खिशातच असतं जास्त. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर जेवढं होतं तेवढं टिकलं असतं. हे मला दत्तूनंच सांगितलं, वर म्हणाला, "माझीच खोड. बुचं घालायची हुती." माझं नाव त्याच्या मनातही आलं नाही.

तो मला कधी काही बोललेला नाही, उलट आभारच मानतो. गुरुवारी मी आलो की वहिनींना ओरडून सांगतो, आला बघ माझा कान! आणि खरं सांगू — आभार मी मानायला हवेत, ते मी रोज मानतो. टूलरूममध्ये कानस चालवताना, घरी ही भाकरी थापताना, पोरगी शाळेतून येऊन जिना चढताना, मला प्रत्येक गोष्टीतलं माणूस ऐकू येतं. ते सगळं त्याचं आहे. आकुर्डीच्या त्या चटईवर बसून मी ते त्याच्याकडून घेतलं. त्यानं हात आखडता घेतला नाही. मीच वाटेत काहीतरी दाबून ठेवलं.

गेल्या दसऱ्याला त्यानं ट्रंक उघडली आणि मावशी माझ्या हातात दिली. लुगड्याच्या तुकड्यासकट. आता ठेवून काय करू, झिजली तर झिजू दे, तू ऐक, म्हणाला. मी घरी आणली. उजेडात धरून पाहिली. तिच्यावर एक ओरखडा नाही, हो. त्यानं इतकी जपली होती.

आता दर गुरुवारी मी ती घेऊन त्याच्याकडे जातो. तो प्लेअरला हात लावून बसतो, ठेका हाताला लागतो म्हणून. डोळे माझ्याकडे. वाद्यं थांबतात. मी बोट वर करतो. मावशी श्वास घेते, आणि मी बोट खाली आणतो, अगदी तिच्या वेळेवर. दत्तू हसतो. म्हणतो, "रेकॉर्डवर ऱ्हायला न्हाई, पर तुझ्या ध्यानात हाय बघ अजून."

मी मान डोलावतो.