ओंबी नावाची मुलगी

माझ्या मुलीचं नाव ओंबी. गव्हाचं कणीस, असा अर्थ सांगितला की बहुतेकांचं समाधान होतं. काहींचं होत नाही. "हे घरातलं झालं, खरं नाव काय?" असं विचारणारी माणसं मला पुण्यात इतकी भेटली की मी पुढे हसून गप्प बसायला शिकले.

लग्न होऊन मी वर्ध्याकडून इथे आले, तेव्हा हे हडपसरला एका कारखान्यात लागले होते. हडपसर तेव्हा नुसतं नावाला शहरात होतं. मांजरी गावाच्या रस्त्याला एका शेतकऱ्याच्या घरामागे आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मागच्या दारी ऊस, बाजूच्या वावरात गहू. घरमालकीणबाईंना सगळे आक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, उंच, मोठ्या आवाजाच्या बाई. दोन मुलगे होते, मुलगी नव्हती.

पहिल्याच वर्षी मला दिवस गेले आणि खाल्लेलं काही पोटात राहीना. भात नको, भाकरी नको, पाण्याचा घोटसुद्धा उलटून यायचा. माहेर लांब. हे कामाला गेले की मी भिंतीला टेकून बसून असायची. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावायची तयारी ठेवा म्हणून सांगितलं होतं. अशात एका संध्याकाळी आक्का ताटलीत काहीतरी घेऊन आल्या. वावरातल्या हिरव्या ओंब्या त्यांनी गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजल्या होत्या. माझ्यासमोर बसून त्या तळहातावर चोळायच्या, फुंकर मारून तूस उडवायच्या आणि गरम दाणे माझ्या हातावर ठेवायच्या.

"खा. उलटलं तर उलटलं. भुई माझीच हाय."

मी घाबरत घाबरत खाल्ले. दुधाळ, गोडसर, धुराचा वास लागलेले दाणे. ते राहिले पोटात. मग गहू कापेपर्यंत आक्का रोज ओंब्या घेऊन यायच्या, आणि पुढेही बाळंतपणापर्यंत त्यांचं येणं थांबलं नाही. आल्या की दारातूनच माझ्या पोटाकडे बघून म्हणायच्या, "काय गं ओंबे, भूक लागली का?" मुलगीच होणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मुलगीच झाली. बारशाला माझी नणंद येणार होती, पण तिच्या मुलाला कावीळ झाली आणि तिचं येणं रद्द झालं. आत्याशिवाय बारसं कसं करायचं? ह्यांनी आक्कांना विचारलं. त्या एवढ्या हरखल्या की ठेवणीतली हिरवी नऊवारी नेसून सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. आम्ही नाव ठरवलं होतं श्रुतिका. अप्पा बळवंत चौकातून ह्यांनी नावांचं पुस्तक आणलं होतं आणि दोघांनी मिळून ते कितीतरी वेळा वाचलं होतं.

पाळण्याभोवती बायका जमल्या. आक्का वाकल्या, बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं, आणि त्यांच्या आवाजात कुजबूज अशी नव्हतीच, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं, "ओंबी!"

बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले, पण हसू अर्धवट थांबलेलं. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दारात घुगऱ्यांचं पातेलं धरून उभे होते, ते तसेच.

पाहुणे गेल्यावर हे म्हणाले, "माणसाला कोणी कणीस म्हणते काय? कानात सांगितलं ते सांगितलं. कागदावर श्रुतिकाच लावू."

"नाही. हेच लावायचं," मी म्हणाले.

लग्नानंतर ह्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच असं ठाम बोलले असेन. मला वाटलं होतं, आक्कांनी मुद्दाम, त्या दाण्यांची आठवण ठेवून हे नाव दिलंय. त्या वाईट दिवसांत मला ज्यानं जगवलं, ते नाव मी कसं पुसू? हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग जन्मदाखल्यावर ओंबी लिहून आणलं आणि दाखला माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून कामाला निघून गेले.

पुढे आक्कांच्या मुलांनी वावर विकलं. आमच्या खोल्या पाडल्या, तिथे कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठल्या. आम्ही बिबवेवाडीत छोटा फ्लॅट घेतला. ओंबी तिथल्या इंग्रजी शाळेत जाऊ लागली. वर्गात स्नेहल, पूजा, नेहा दोन-दोन, तीन-तीन. ही एकटीच ओंबी. आधी मुलं "ओंबी-बोंबी" करायची. मग कुणीतरी भुताखेतांचा इंग्रजी सिनेमा बघून आलं आणि ती झॉम्बी झाली. शाळेतून ती पाय ओढत घरी आली की मी समजायची, आज पुन्हा झालंय. शाळेत जाऊन बाईंना सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "अहो, मुलं आहेत. नावच जरा वेगळं आहे ना!"

आठवीनंतरच्या सुट्टीत तिने कॉम्प्युटरचा क्लास लावला. त्या काळात आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. नाव नोंदवायला ती मैत्रिणीबरोबर गेली. एका दुपारी कारखान्यातून फोन आला. ह्यांचा हात मशिनमध्ये सापडला होता, दवाखान्यात नेलं होतं. मी चपला कशा घातल्या आठवत नाही. ओंबीला घ्यायला क्लासमध्ये धावत गेले.

काउंटरवर एक गृहस्थ बसले होते. मी म्हणाले, "ओंबीला बोलवा जरा. लवकर."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कोणाला?"

"ओंबी. माझी मुलगी. दुपारच्या बॅचला असते."

"बाई, इथे कॉम्प्युटर शिकवतात. ओंब्या, कणसं मार्केट यार्डात मिळतील."

मला रडूच फुटलं. नवरा दवाखान्यात, आणि मुलगी रोज इथे म्हणून जाते ती जाते तरी कुठे? मी तिथेच तिच्या नावाने हाका मारायला लागले. आतलं दार उघडलं. ओंबी उभी होती. तिच्या मागे सगळा वर्ग माना उंचावून बघत होता. तिला आत बसून राहता आलं असतं. पण ती आली, माझा हात धरला आणि त्या गृहस्थांना म्हणाली, "सर, ही माझी आई आहे."

रिक्षात बसल्यावर ती खाली मान घालून म्हणाली, "इथे माझं नाव नेहा आहे."

रागावायला मनात जागाच नव्हती. पण तिच्याकडे बघून एवढं मात्र कळलं की पोरीने किती दिवस एकटीने सोसलंय. मी तिला जवळ ओढून घेतलं.

ह्यांच्या दोन बोटांची पेरं गेली होती. हाताला हे मोठं बँडेज, डोळे अर्धवट मिटलेले. तिला बघताच म्हणाले, "ओंबे, माझा डबा तिथंच राहिला बाई." त्यावर ती जी रडायला लागली, ती नर्सने बाहेर नेईपर्यंत.

हे घरी आल्यावर तिने दोघांना समोर बसवून सांगितलं की तिला नाव बदलायचं आहे. कायमचं. मला वाटलं होतं हे म्हणतील, मी तेव्हाच सांगत होतो. पण हे म्हणाले, "दहावीच्या आत गॅझेटमध्ये करून घेऊ. मी तुला नेहा म्हणायला शिकीन. जरा वेळ दे."

तीच म्हणाली, "आधी आत्याला सांगायला पाहिजे. तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

बारशापासून आक्काच तिची आत्या होत्या. आम्ही मायलेकी हडपसरला गेलो. आक्का आता मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. गुडघे गेले होते, आवाज तोच. ओंबीने एका दमात सगळं सांगून टाकलं. आक्कांनी ऐकून घेतलं.

"बदल की. नाव तुझं हाय. मी कुठं तुझ्या आईबापाला इचारलं व्हतं?"

"मग तू ठेवलं कशाला?" ओंबीने विचारलं.

आक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना हसू यायला लागलं. "आता सांगायला हरकत न्हाई. तुझ्या बापानं पढवलेलं ते नाव ऐन टायमाला डोक्यातनं गेलं बघ. शिरी की शुरी, कायतरी व्हतं. कुर्रर्र करून बसले. समद्या बाया कान देऊन उभ्या. तू डोळं उघडून बघाया लागलीस आणि मला वाटलं, अगं, ही तर माझी ओंबी! सा-सात महिने मी हिच्याशी बोलतीया. तेच तोंडातनं निघालं."

मी थक्क होऊन ऐकत राहिले. एवढी वर्षं मी त्या नावामागे केवढा विचार बघितला होता, ह्यांच्याशी भांडले होते! ओंबी मात्र हसायला लागली. आक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे तू विसरलीस? नुसतं विसरलीस?"

"विसरले गं बाई. पर तुला न्हाई विसरले."

परतताना बसमध्ये ती मध्येच "नुसती विसरली!" म्हणून पुन्हा हसायची. नावाचं काय ठरवलंस, ते मी विचारलं नाही. सोमवारी ती क्लासला निघाली आणि मला म्हणाली, "चल ना माझ्याबरोबर." काउंटरवर तिने सरांना नाव दुरुस्त करायला सांगितलं.

सर म्हणाले, "नक्की ठरलंय का? परत परत खोडाखोड करायला आम्हाला वेळ नसतो."

"नक्की," ती म्हणाली. "ओंबी. ओ वर अनुस्वार."

शाळेतलं चिडवणं काही लगेच थांबलं नाही. पण ती आता उलट चिडवायला शिकली. पुढे इंजिनिअर झाली, हडपसरच्याच एका कंपनीत लागली. तिथे तिच्या ओळखीच्या नेहांना ईमेलमध्ये नावापुढे आकडे लावावे लागत. हिला नुसतं ओंबी पुरलं, याचा तिला फार आनंद.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. हल्ली लोक मुलींसाठी मराठी, मातीतली, दोन अक्षरी नावं शोधत असतात. मागच्या महिन्यात ओंबीचा फोन आला. तिच्या टीममधल्या नागपूरच्या एका मुलाला मुलगी झाली होती. "तुमचं नाव ठेवलं तर चालेल का?" असं त्याने संकोचत विचारलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, खुशाल ठेवा. फक्त शाळेत झॉम्बी म्हणतील, त्याची तयारी ठेवा. आणि मोठी होऊन बदलायचं म्हणाली, तर अडवू नका."

फोन ठेवून मी ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. "अजून एक ओंबी?" म्हणाले. पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, कापडाने पुसला.

"चांगलं झालं," म्हणाले. "पोरीला जोडीदारीण मिळाली."