इनासकाकांची सिगार

सांगू की नको, असं करत इतकी वर्षं ही गोष्ट पोटात ठेवली. आज तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका. फक्त चहा संपेपर्यंत हसू नका, आणि शेवट ऐकल्यावर हसावंसं वाटलं तर बघा.

मी सावंत, मूळचा वेंगुर्ल्याकडचा. नव्वदच्या दशकात वसईत फ्लॅट घेतला आणि फोर्टातल्या एका कंपनीत नोकरी करत होतो. आमच्या मोठ्या साहेबांना सिगारचा शौक होता आणि त्या आणून द्यायचं काम माझ्याकडे. म्हणजे माझा सिगारशी संबंध किती? डबा दुकानातून टेबलापर्यंत नेण्याइतका. पण कॅन्टीनमध्ये बसलं की माणसाची जीभ सैल सुटते. साहेब पाहुण्यांना एक वाक्य ऐकवायचे, ते मी उचललं होतं. "सिगार ओढायची नसते, तिची चव घ्यायची असते." याचा अर्थ काय, हे मला आजही विचारू नका. पण मी ते अशा काही थाटात म्हणायचो, की टेबलावरच्या चौघांना वाटे, सावंत रोज संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये धूर सोडत बसतो.

त्या चौघांत फेलिक्स होता. वसईजवळच्या भुईगावचा, माझ्याच डिपार्टमेंटचा. सरळ माणूस. कुणी काही सांगितलं की खरं मानणारा.

एक दिवस तो जेवणाचा डबा न उघडता बसून राहिला. त्याच्या वडिलांना, इनासकाकांना, हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं. फुप्फुसं संपली होती. डॉक्टरांनी "आता घरीच न्या" म्हटलं होतं, आणि त्याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला होता. काकांनासुद्धा.

"सावंत, एक काम होतं," तो म्हणाला. "आल्विनने बाबांना सिगार पाठवल्यात."

आल्विन हा त्याचा धाकटा भाऊ, बोटीवर नोकरीला. कुठल्याशा बंदरावर त्याने वडिलांसाठी सिगारचा डबा घेतला आणि गावच्याच एका खलाशाबरोबर पाठवून दिला. तेव्हा त्याला वडिलांचा आजार माहीत नव्हता. डबा घरी पोचला तो काका खाटेला खिळल्यावर.

"त्यांना ओढता येत नाही. रोज हातात घेतात, वास घेतात, परत ठेवतात. काल म्हणाले, कुणीतरी जाणकार माझ्यासमोर ओढून मला सांगू दे ती कशी आहे. मी म्हटलं, आमच्या ऑफिसात एक आहे."

आता तुम्हीच सांगा, त्या क्षणी मी काय बोलायला हवं होतं? तेच मी बोललो नाही. मी म्हणालो, "रविवारी येतो."

रविवारी दुपारी स्कूटर काढली. बागांमधल्या चिंचोळ्या गल्ल्यांतून भुईगाव गाठलं. घरापुढे केळी, पानवेली, आणि व्हरांड्यात खाट. वारा लागावा म्हणून काकांना दिवसभर तिथेच ठेवत. खाटेवर काका म्हणजे नुसता चादरीला पडलेला उंचवटा. पण डोळे लखलखीत. घरात ते त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी मात्र शाळेतली मराठी.

"या साहेब. तुमचीच वाट पाहत होतो."

वाट एकटे काका पाहत नव्हते. जाणकार येणार म्हणून शेजारची पाचसहा माणसं बाकावर बसली होती. फेलिक्सच्या आईने, रोजामावशीने, बशीत ती सिगार आणून माझ्यापुढे ठेवली.

मी साहेबांच्या लांब, सडपातळ सिगार पाहिल्या होत्या. ही भलतीच होती. लांबी करंगळीएवढी आणि जाडी पायाच्या अंगठ्याएवढी. तपकिरी, सुरकुतलेली. बशीत ठेवलेलं सुकेळं, वाळवलेलं केळं, वाटावं अशी.

"बुटकी आहे," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं होतं.

"बुटकी चांगली की वाईट?" काकांनी विचारलं.

"बुटकी जोरदार असते," मी ठोकून दिलं. माझ्या आयुष्यातलं सिगारबद्दलचं हे एकमेव खरं विधान.

तोंडात धरली, काडी ओढली. धूर येईना. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पण धूर नाही. बाकावरून कुणीतरी म्हणालं, टोक कापावं लागत असेल. "तेच सांगणार होतो," मी म्हणालो. रोजामावशीने सिगार विळीवर धरून भेंडीसारखं तिचं टोक उडवलं.

पुन्हा पेटवली. आणि बिडी ओढावी तसा पोटापर्यंत दम घेतला.

काय झालं ते कसं सांगू? छातीत कुणीतरी ओलं गवत पेटवलं, असं वाटलं. खोकला वर आला, तो मी गिळला. जाणकार माणूस पहिल्याच दमाला खोकतो का? डोळ्यांतून पाणी मात्र आलंच. काका टक लावून बघत होते.

"कशी आहे?"

"उंची माल आहे," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता.

"कडू?"

"किंचित."

"गोडवा?"

"गोडवा मागाहून येतो." हेही साहेबांचंच वाक्य.

"मग घ्या पुढे. येऊ दे."

मी पुढे घेतली. काकांनी डोळे मिटले होते. माझ्या प्रत्येक दमाबरोबर त्यांचे ओठ किंचित पुढे येत, जणू तेच ओढत होते. ते बघितलं आणि सिगार खाली ठेवायची हिंमत होईना. त्यांचा आजा घरची तंबाखू वळून असाच बुटका चिरूट करायचा, असं ते थांबत थांबत सांगू लागले. संध्याकाळी वाडीत पाणी सोडून झालं की दगडावर बसून ओढायचा. एकदा लहानपणी त्याने नातवाला एक दम दिला होता. "ती चव अजून आठवते. तशीच आहे का बघा. मातीसारखी. भाजलेल्या मातीसारखी."

"तशीच," मी म्हणालो. मला तेव्हा चव म्हणून फक्त दुपारची कोळंबी लागत होती, आणि तीही परत येताना.

निम्मी झाली असेल नसेल, हातपाय थंड पडले. कानात रातकिडे. समोरची केळ डोलायला लागली. वारा तर पडलेला होता. मला काका दोन दिसू लागले, आणि दोघेही विचारत होते, "आला का गोडवा?"

मी उभा राहिलो. का, ते माहीत नाही. उभा राहिलो आणि सरळ काकांच्या पायांवर पडलो.

पुढचं मला फेलिक्सने सांगितलं. रोजामावशी ओरडली, "गेला रे, गेला!" ती माझ्याबद्दल बोलत होती. पण शेजारच्या मार्थाबाईला घरातून फक्त तेवढं ऐकू आलं. त्या घरातून अशी हाक येणार, याची सगळी आळी आठवडाभर वाट बघत होती. तिने नवऱ्याला सायकलवर चर्चकडे पिटाळलं.

इकडे मला उचलायचं कुठे? खाट एकच. काका म्हणाले, "मला उठवा." कित्येक दिवसांत न उठलेल्या माणसाला दोघांनी धरून खुर्चीत बसवलं आणि त्याच्या खाटेवर मला झोपवलं. "तोंडावर पानी मारा," बाकावरचा एकजण सांगत होता. पाणी मारलं. मी डोळे उघडले, कोळंबीला वाट करून दिली, आणि पुन्हा मिटले.

तेवढ्यात घंटा सुरू झाली. सावकाश, एकेक ठोका. गावात माणूस गेल्यावर वाजवतात ती.

काकांनी मान वळवून ऐकलं.

"कोण गेलं?"

आळीत आजारी असलेलं माणूस एकच होतं.

"माझीच दिसते," काका म्हणाले.

मग लोक यायला लागले. बायका रुमाल डोळ्यांना लावून, एकजण मेणबत्त्यांचा पुडा घेऊन. फाटकाशी आले की खुर्चीतले काका बघायचे आणि तिथेच थबकायचे. मागून फादर घाईघाईने आले. चष्मा घरी राहिला होता त्यांचा. थेट खाटेकडे आले, खाली बसले, माझ्या कपाळावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना सुरू केली. मी डोळे उघडले. फादर दचकले.

"तुम्ही कोण?"

"सावंत."

"कॅथलिक?"

"नाही. वेंगुर्ल्याचा."

काका हसले. आवाज नव्हता त्या हसण्याला, नुसते खांदे हलत होते. मग ठसका लागला, ओठ निळे झाले. दोन मिनिटं सगळ्यांना वाटलं, घंटा फुकट जायची नाही. फेलिक्स पाठ चोळत होता, मावशी देवाचं नाव घेत होती, आणि मी त्यांच्या खाटेवर पडून बघत होतो. माझ्या थापेने माणूस मरतोय, एवढं मला स्वच्छ कळत होतं आणि हात उचलता येत नव्हता.

ठसका थांबला. काकांनी उशीखालून काहीतरी काढायची खूण केली. माझ्या डोक्याखालून फेलिक्सने काडेपेटी काढली. मी "चांगली आहे" म्हटलं की सगळ्यांची नजर चुकवून एक स्वतः ओढायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

काडेपेटी मावशीच्या हातात देत ते म्हणाले, "ठेव. मला मरायचंय, पण असं नाही."

हसलात ना? मीही दुसऱ्या दिवशी ऑफिसात हसलो. गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं.

काका त्यानंतर थोडेच दिवस जगले. भेटायला येईल त्याला ते हीच हकिगत सांगत. पण त्यांच्या तोंडी ती वेगळी झाली होती. सिगार विषारी होती. सावंतसाहेब जाणकार, त्यांना पहिल्याच दमात कळलं. तरी म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून ते ओढत राहिले. सगळं विष त्यांनी स्वतःवर घेतलं. मी मध्ये एकदा गेलो, तर काकांनी माझा हात छातीशी धरला. मी सांगणार होतो, देवाशपथ सांगणार होतो. पण त्यांना श्वास लागला होता आणि मावशीने बोटाने गप्प राहायला सांगितलं.

त्याच दिवसांत आल्विनचा कुठल्याशा बंदरावरून फोन आला. काकांनी कानाशी रिसीव्हर धरायला लावला आणि मुलाला म्हणाले, "काय पाठवलंस तू? माणूस मेला असता." मग दम संपला. बापलेकांचं ते शेवटचं बोलणं.

आल्विन पोचला तो मातीच्या दिवशी सकाळी. दफन झाल्यावर आम्ही घरापुढच्या मांडवात बसलो होतो. लोक मला पुढची खुर्ची देत होते, पाणी आणून देत होते. आणि तो पोरगा, पंचविशीचा, मांडवाच्या खांबाला टेकून एकटा उभा. त्याच्याशी कुणी वाईट बोललं नाही. पण एक म्हातारी मला म्हणाली, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "तुम्ही नसता तर इनासने तीच ओढली असती."

मी उठलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "ऐका जरा. सिगारमध्ये काही वाईट नव्हतं. मी जन्मात कधी सिगार ओढली नव्हती. मला ओढता येत नाही. मी थापा मारल्या, आणि धूर पोटात घेतला म्हणून पडलो. आल्विनचा काही दोष नाही."

मग म्हातारीने पदराने डोळे टिपले.

"बघा," ती शेजारणीला म्हणाली. "पोराला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेतायत. परत."

माना डोलल्या. फादर उठून आले आणि त्यांनी माझा खांदा थोपटला. मी फेलिक्सकडे बघितलं. त्याचेही डोळे भरून आले होते. मी पुन्हा सांगितलं, जरा चिडूनच. तेवढा माझा मोठेपणा आणखी वाढला.

जाताना आल्विन फाटकापर्यंत आला. "काका, मला तरी खरं सांगा. नक्की काय खराब होतं त्यात?"

"काही नाही रे. मी खरंच सांगतोय."

"तुम्ही माझं मन राखताय," तो म्हणाला आणि स्कूटरवरचा पालापाचोळा हाताने झटकत राहिला.

त्यालाही बरीच वर्षं झाली. दर खेपेला बोटीवरून आला की आल्विन माझ्याकडे येतो. कधी चॉकलेट आणतो, कधी बिस्किटांचा डबा. बायको चहा टाकते, तो खुर्चीच्या कडेवर बसतो आणि डबा माझ्या हातात देतो. डब्याचं सील नेहमी फोडलेलं असतं.

"घाबरू नका, काका," तो म्हणतो. "मी आधी स्वतः खाऊन बघितलंय."